धबधबा वाळेपर्यंत

मंगळवारी साडेसहाला, स्किप्टनच्या मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये
आम्ही सातजण धबधबा शिकतो.
हीटर एकच, तोही मिसेस हेबलथ्वेटबाईंच्या बाजूला.
त्यांचं आडनाव माझ्या जिभेवर बसायला तीन मंगळवार लागले;
माझ्या घैसासचं त्यांनी पहिल्याच दिवशी
'मिस्टर जी' करून टाकलं.

एकतीस वर्षं मी या भागातल्या पाण्याचा हिशेब ठेवला.
कुठल्या तलावात किती उरलंय, कुठल्या नळातून किती गळतंय,
सेकंदाला किती लिटर.
इथले लोक धबधब्याला 'फोर्स' म्हणतात,
ते मला कधीच चुकीचं वाटलं नाही.
तर पहिल्या दिवशी मी सरळ पांढऱ्याची ट्यूब पिळली
आणि वरून खाली ओढली.
"हा दाढीचा फेस झाला," बाई म्हणाल्या,
आणि सुरीने खरवडून काढला.

आधी काळोख.
बर्न्ट अंबर, म्हणजे भाजलेली माती,
टर्पेंटाइनमध्ये चहासारखी पातळ करून
सगळीकडे फासायची,
मग फडक्याने पुसत पुसत उजेड शोधायचा.
खालचा थर रोड, वरचा तेलकट.
उलटं केलंत तर चित्र वीस वर्षांनी तडकेल.
मी बहात्तरचा.
तरी वहीत लिहून घेतलं.

पाणी रंगवू नका, बाई म्हणतात,
पाण्याला जे अडवतं ते रंगवा.
इतक्या मंगळवारांत हे एक वाक्य
मला भाषांतर न करता कळलं.

समोरच्या फोटोत चुनखडीचा कडा होता, राखाडी,
शेवाळाची किनार असलेला.
माझ्या हातून उतरला काळा कातळ,
पायऱ्यापायऱ्यांचा, पाटणच्या वरच्या अंगाला असतो तसा.
मी ठरवलं नव्हतं.
सुरी उचलली, तर बाई मागेच उभ्या.
"असू द्या तो," म्हणाल्या. "अख्ख्या हॉलमध्ये
एवढी एकच जागा ओली दिसतेय."

पांढरा सगळ्यात शेवटी, आणि मोहरीएवढा.
तोही निव्वळ पांढरा नाहीच,
त्यात पिवळ्या मातीची चिमूट.
कोरडा कुंचला, श्वास धरून, एकदाच,
आणि परत त्या जागी जायचं नाही.
मी एकदाच ओढला.
काळ्यावरून काहीतरी कोसळलं.
शेजारच्या क्लिफर्डने मान वळवून पाहिलं,
तो खाटीक होता, त्याचं आभाळ अजून
हॅमच्या रंगाचंच येतं.

जुन्या चित्रांत पायथ्याशी एक माणूस असतो,
नखाएवढा, लाल कोटातला,
कडा किती उंच ते कळावं म्हणून.
क्लिफर्डने त्याचा मेलेला कुत्रा घातला.
मी एक माणूस काढला, हातात मोजपट्टी घेतलेला.
मग मोजपट्टी पुसली.
हात तसाच राहिला, पुढे केलेला.

कुंदा गाडी घेऊन आली.
मागच्या सीटवर धबधबा आडवा ठेवला,
वळणावर ती हळू, मी एक हात मागे.
"हा कोण? छत्री नाही, काही नाही.
सर्दी होईल त्याला."
हात लावू नकोस, ओलंय.
"वाळणार कधी?"
वार्निश करायला सहा महिने.

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात तलावांचे तळ तडकले होते.
टँकर रात्रभर धावायचे,
मी फोनशेजारी बूट घालूनच झोपायचो,
आणि पहाटे पट्टीवरचा आकडा
अजून एका बोटाने उतरलेला असायचा.

आता जिन्याखालच्या खोलीचं दार किलकिलं ठेवून
रोज सकाळी, दात घासायच्या आधी,
करंगळी टेकवून बघतो
धबधबा वाळला का.

कुंदा वरून विचारते.
मी करंगळी उजेडात धरतो.
नाही, अजून लागतोय.